लोखंडराजाची हजार झाडं

गेल्या श्रावणात एका सकाळी मी देवळात जायला निघाले आणि दाराशी एकही चप्पल नव्हती. माझी नव्हती, ह्यांची नव्हती, सुनेच्या ऑफिसच्या सँडलसुद्धा नव्हत्या. ह्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं, "चोर नाहीये. तुझी नात आहे."

नात गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. शेजारी चपलांचा ढीग.

"आजी, हे सगळं चामड्याचं आहे. ड्रुइड चामडं नाही घालत."

"कोण नाही घालत?"

"ड्रुइड. मतलब, जंगलाचे रखवालदार. खूप जुने. त्यांचा एक संघ असतो. लोखंडवाले लोक जमीन खराब करायला आले ना, की ते त्यांना थांबवतात."

"थांबवू देत. मी देवळात कशी जाऊ?"

तिने विचार केला. विचार केल्याशिवाय ती उत्तर देत नाही. हा गुण तिच्यात कुठून आला ते आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. "बाथरूममधल्या रबरच्या आहेत ना," ती म्हणाली.

त्या निळ्या चपला घालून मी देवळात गेले. पुजाऱ्याच्या बायकोने माझ्या पायांकडे बघितलं आणि प्रसाद थोडा जास्त दिला.

मला तेव्हाच हे प्रकरण मोडून काढायला हवं होतं. पण झालं असं की त्याच संध्याकाळी नात माझ्यासमोर कागदांची एक जाड गुंडाळी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली की तिला आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक करायचंय. ड्रुइडांचं. मराठीत.

मी खाली बसले.

हे का, ते सांगायला हवं. आम्ही जयपूरला आलो ते ह्यांच्या विमा कंपनीतल्या बदलीमुळे. दोन-तीन वर्षांत परत जाऊ म्हणून मी सांगलीहून आणलेली निम्मी भांडी बांधलेलीच ठेवली होती. मग ह्यांना सीकर रोडला प्लॉट मिळाला आणि परत जाणं राहून गेलं. मुलगा इथेच वाढला. नात तर हिंदीत विचार करते, इंग्रजीत गणितं करते आणि मराठी फक्त माझ्याकडून काही हवं असेल तेव्हा बाहेर काढते. दरवर्षी गणपतीत मुलांच्या कार्यक्रमाच्या दिवशी बरोबर दुपारी तिचं पोट दुखायला लागायचं. एका वर्षी मी दोन ओळींचं स्वागत तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. स्टेजवर ती 'मान्यवर' या शब्दाशी अडली, समोरची मुलं हसली, आणि त्यानंतर पोटदुखी कायमची झाली. तीच मुलगी आता स्वतःहून मराठीत नाटक लिहून आली होती. अक्षर हिंदीच्या शाळेतलं, सगळ्या 'ळ'च्या जागी 'ल', पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मराठी.

नाटकाची गोष्ट साधी होती. एक जुनं रान. त्यात ड्रुइडांचा संघ. लोखंडराजा येतो, रानाच्या कडेला भट्ट्या घालतो, आणि रानातून वाहणाऱ्या नदीचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं होतं. एक दिवस जांभळं, एक दिवस लाल. ड्रुइड राजाकडे जातात, तो ऐकत नाही. शेवटी झाडंच चालत येऊन भट्ट्यांच्या तोंडाशी उभी राहतात आणि राजा निघून जातो. माफी नाही, समेट नाही. निघून जातो.

संघाचे नियमही होते, आणि ते आमच्या घरात नाटकाच्या आधीच लागू झाले. गवतावर पाय द्यायचा नाही. फुलं तोडायची नाहीत, पडलेली उचलायची. त्यामुळे माझ्या देवांना महिनाभर शिळी सदाफुली मिळाली. आणि सगळ्यात मोठा नियम असा की कोणी "मी रान वाढवीन" अशी शपथ घ्यायला आलं तर थोरल्या ड्रुइडने त्याला तीन प्रश्न विचारायचेच. कोणतं झाड? कुठे? पाणी कोण घालणार? उत्तरं मिळाली नाहीत तर शपथ घेतलीच नाही असं धरायचं. पहिल्या प्रवेशात एक नवशिका संघात यायला बघतो, तिथे हे तीन प्रश्न होते. मला ते फार आवडले. आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत हा नियम असता तर सभा चहाच्या आधीच संपली असती.

ड्रुइड या शब्दाला मी मराठी पर्याय काढला होता, 'रानकरी'. नातीने तो जिभेवर घोळवून बघितला. "आजी, हे ट्रॅक्टरचं नाव वाटतं." म्हणून ड्रुइडच राहिले.

तालमी रविवारी. संघातली निम्मी मुलं जगतपुऱ्याची, ज्यांचे आईबाप कॉम्प्युटर कंपन्यांत आहेत आणि ज्यांना शहराच्या या टोकाला यायचं म्हणजे परदेशप्रवास वाटतो. लोखंडराजा झालेला मुलगा तिथलाच, गुबगुबीत, प्रेमळ, दर वाक्याआधी "सॉरी" म्हणणारा. त्याला क्रूर हसायला शिकवताना माझा घसा बसला. पाठांतर करून घेणं, प्रॉम्प्टिंग आणि पोह्यांचा टोप ही कामं माझ्याकडे. ह्यांच्याकडे तक्रार करण्याचं काम.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मंडळाच्या चिटणिसांनी नाटक वाचलं.

आमचे चिटणीस पन्नाशीतले, सज्जन, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि कोणी रागावेल या भीतीत अखंड जगणारे. ते संध्याकाळी घरी आले, बसले, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले.

"काकू, हा लोखंडराजा."

"काय झालं त्याला?"

"म्हणजे, नदीचं पाणी रंगीत. भट्ट्या. थोडं आपल्या काकांसारखं नाही वाटत?"

आपले काका म्हणजे मंडळाचे आश्रयदाते. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्यांचा रंगाचा कारखाना आहे. सोलापूरहून सुपरवायझर म्हणून आले, स्वतःच्या हिमतीवर मालक झाले. दरवर्षी गणपतीचा मांडव, लाऊडस्पीकर आणि शेवटच्या दिवसाचं जेवण त्यांच्याकडून. स्टेजचा पडदा रंगवायला रंगाचे डबेही त्यांचेच. माणूस वाईट नाही. मला वहिनी म्हणतो, ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात येऊन बसला होता. पण त्या भागातून जो नाला वाहतो तो रंगीत असतो, हेही खरं. तो त्यांच्या एकट्याचा नाही, ओळीतल्या सगळ्या कारखान्यांचा आहे. नातीची शाळेची बस रोज त्या नाल्यावरून जाते.

चिटणीस गेल्यावर मी नातीला विचारलं, "खरं सांग. तुझा राजा म्हणजे ते काका आहेत का?"

"लोखंडराजाला मिशा नाहीत, आजी."

"आणि नाला?"

"नाला तोच आहे."

ठीक. आता खरं तर एवढंच करायचं होतं: गप्प बसायचं. काका दरवर्षी मुलांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसून डुलक्या काढतात. ह्या वर्षीही काढल्या असत्या. पण आमचं मंडळ गप्प बसणाऱ्यांचं नाही, आगाऊ माफी मागणाऱ्यांचं आहे. पाहुण्याला वाढताना "आमच्याकडे तिखट जरा जास्तच असतं हं" म्हणून आधीच सांगून त्याला घास घ्यायच्या आधी ठसका लावणारी ही माणसं. चिटणीस दुसऱ्या दिवशी घेवर या इथल्या मिठाईचा डबा घेऊन कारखान्यात गेले आणि काकांना म्हणाले, मुलांचं नाटक आहे, त्यातला दुष्ट राजा तुमच्यावर नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

काका म्हणाले, कुठला राजा?

मग चिटणिसांनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. पानापानाने.

पुढच्या रविवारी काका तालमीला आले. शाळेच्या ज्या हॉलमध्ये आमचा गणपती बसतो तिथेच तालीम चालायची. पांढरा झब्बा, कडक इस्त्री. ते मुलांच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीपाशी आले. नाटक पूर्ण बघितलं. झाडं चालत येतात तिथे थोडे पुढे झुकले. शेवटी टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच, आणि मला बाजूला घेतलं.

"वहिनी, पोरांनी छान केलंय. शेवट तेवढा जरा सकारात्मक करता आला तर बघा."

"म्हणजे कसा?"

"राजा सुधारतो. म्हणतो, मी हजार झाडं लावीन. लोकांना घरी जाताना बरं वाटतं."

"आणि नाही केला तर?"

ते दुखावले गेले ते मला दिसलं. "तसं नाही हो वहिनी. मी काय, माझं चालूच राहील. पण कारखान्यातली माणसं बायकापोरांना घेऊन येतात गणपतीला. त्यांच्या पोरांनी बघायचं, आपला बाप राक्षसाकडे कामाला जातो म्हणून?"

हे त्यांचं खरं होतं, आणि समोरच्याचं खरं असलं की मला फार राग येतो. तेवढ्यात चिटणीस मधे आले, दोन्ही हात पोटाशी बांधून. "काकू बदलतील ना. काकूंना येतं ते. काका, तुम्ही नव्हतात तेव्हा, पण काकूंनी उद्योगावर काय सुंदर नाटक बसवलं होतं. मी होतो त्यात. मी बाभूळ होतो."

मला वाटलं होतं ते नाटक सगळे विसरले.

तर ऐका. तिशीतली मी. जयपूरला नवी, साहेबाची बायको, नाकावर गॉगल, आणि आपल्याला लिहिता येतं असा दाट गैरसमज. त्या वर्षी गणपतीत मी 'उद्योगदेवी' नावाची संगीतिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि देवीची भूमिकाही मीच घेतली, कारण त्या तोलामोलाचं दुसरं कोणी मला मंडळात दिसलं नाही. माझ्या डोक्यावर चंदेरी कागदाचा मुकुट होता आणि मुकुटाच्या मधोमध कारखान्याची चिमणी. चिमणीत उदबत्त्यांचा जुडगा. धूर खरा हवा, हा माझा आग्रह. मी प्रवेश करायचे आणि गायचे,

"धूर निघे चिमणीतून,
भाग्य निघे जमिनीतून!"

हे मी लिहिलं होतं. हे मी शुद्धीत असताना लिहिलं होतं. आणि मग कॉलनीतली सात-आठ पोरं झाडं होऊन उभी असायची, त्यांनी मला हात जोडून नमस्कार करायचा आणि एकेक करून विंगेत निघून जायचं, कारखान्याला जागा करून द्यायला. झाडांनी! आपण होऊन! प्रयोगात उदबत्तीचा निखारा माझ्या गंगावनावर पडला, केस जळल्याचा वास पहिल्या पाच रांगांपर्यंत गेला, तरी मी गात राहिले. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं लिखाणाला. ह्यांचं मत आहे की आग विझली म्हणून.

तर चिटणीस त्यातले बाभूळ. तेव्हा सहा-सात वर्षांचे असतील. माझ्यापुढे हात जोडून विंगेत जे गेले ते आजतागायत हात जोडूनच आहेत. त्यांच्यावर चिडावं तरी कसं, तालीम मीच घेतली होती.

घरी येऊन नातीला काकांचं म्हणणं सांगितलं. ती आदळआपट करणारी असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मग मी नाही करत."

"अगं, एक वाक्य आहे. हजार झाडं लावीन म्हणेल राजा, एवढंच."

"तो खोटं बोलतो आजी. सगळे हेच बोलतात. शाळेत पण येऊन बोलतात, आणि फोटो काढून जातात. मी आता शेवट बदलला ना, तर मतलब ड्रुइड पण फोटोवालेच झाले."

"मग काय करू मी?"

"तू कर नाटक. तुझ्या मराठीत. मला काय, माझं पोट दुखेल त्या दिवशी."

ती गच्चीवर निघून गेली. ह्यांनी पेपरची घडी घातली. "तुला यात पडायला कोणी सांगितलं होतं?" हे वाक्य ते लग्नापासून म्हणतायत, आणि एकदाही चुकीच्या वेळी म्हटलेलं नाही, हाच त्याचा त्रास.

मी स्वयंपाकघरात जाऊन भेंडी चिरायला घेतली. चिडले की मी भेंडी चिरते, ती चिकट असते आणि आपल्याइतकीच त्रासदायक. मला काकांचा राग आला होता, चिटणिसांचा आला होता, हजार या आकड्याचा आला होता. दहा का नाही? तीन का नाही? माणूस काही करणार नसला की आकडा मोठा सांगतो. आणि त्या मुलीचा तर सगळ्यात जास्त राग आला होता. इतकी वर्षं मी तिच्या मागे लागून मराठीचा एक शब्द निघत नव्हता. आता ती मराठीत भांडत होती, आणि मी तिला गप्प करायच्या बाजूला उभी होते. अर्धी भेंडी झाली आणि मी हात धुवून तिच्या कागदांचं पहिलं पान काढलं.

गच्चीवर गेले. गुडघ्याला गच्ची मान्य नाही, तरी गेले.

"तुझ्या संघाचा नियम काय आहे? रान वाढवीन म्हणून कोणी शपथ घेतली तर?"

"तीन प्रश्न."

"राजाला सूट आहे?"

तिने माझ्या हातातलं पान ओढून घेतलं.

"राजाला त्यांचं वाक्य म्हणू दे," मी म्हटलं. "एक अक्षर बदलायचं नाही. मी हजार झाडं लावीन. मग?"

तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते बघायला मी त्या जिन्यावर आणखी दोनदा चढले असते.

"आणि तो उत्तर काय देणार?"

"ते आपण लिहायचं नाही. आपल्याला काय माहीत त्यांच्या मनात काय आहे?"

"आजी, तू खराब आहेस."

"हो. घरात कोणीतरी असावं लागतं."

मी नवा शेवट चिटणिसांना वाचून दाखवला, राजाच्या वाक्यापर्यंत. ते इतके खूश झाले की पुढे काही आहे का हे त्यांनी विचारलंच नाही. काकांकडून रंगाचे डबे आले. सजावट समितीने रान उभं केलं, थर्माकोलची झाडं, प्लॅस्टिकची पानं, वर चमकी. नातीने ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, अगं, यातलं निम्मं तुझ्या राजाच्या राज्यातून आलंय, तू युद्धात लूट मिळवली असं समज. तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

नाटकाच्या दिवशी दुपारी मी तिच्या पोटाकडे लक्ष ठेवून होते. पोट दुखलं नाही. तिने वरणभात दोनदा घेतला.

हॉल भरला. कारखान्यातली माणसं मागे बायकामुलांसह, काका पुढे सोफ्यावर, शेजारी चिटणीस. मी विंगेत स्टुलावर, हातात कागद. थोरली ड्रुइड होऊन नात स्टेजवर गेली, अंगात माझी जुनी हिरवी साडी कापून शिवलेला झगा, पायात बाथरूमच्या निळ्या चपला. पहिलं वाक्य घाईत उरकलं. 'रखवालदार' म्हणताना अडली, थांबली, पुन्हा म्हणाली. कोणी हसलं नाही. तिसऱ्या वाक्याला ती माझी नात राहिली नव्हती.

राजा छान हसला, क्रूर. नदी जांभळी झाली. झाडं चालत आली, एकाच्या डोक्यावरचं थर्माकोल पडलं, ते त्याने काखेत धरून पुढची लढाई लढली. राजा गुडघ्यावर बसला.

"सॉरी. मी बदललो. मी हजार झाडं लावीन."

चिटणिसांनी टाळ्या सुरू केल्या, सगळ्यांनी उचलल्या, कारखान्याच्या लोकांनी जास्तच. काका हसून मागे वळून बघत होते. नात टाळ्या थांबेपर्यंत थांबली.

"कोणतं झाड?"

राजाने इकडेतिकडे बघितलं.

"कोणतं झाड? कुठे? पाणी कोण घालणार?"

राजा माझ्याकडे बघायला लागला. प्रॉम्प्टर मी, कागद माझ्या हातात. मी चष्मा काढून पदराला पुसायला घेतला. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला. मला त्याची दया आली, पण चष्मा खरंच मळला होता.

मग त्या प्रेमळ मुलाने त्याला जे सुचलं ते केलं. वाक्य कुणाचं होतं ते सगळ्या मुलांना माहीत होतं. तो उठला, स्टेजच्या कडेला आला आणि म्हणाला, "काका, कुठे लावायची?"

थोडे लोक हसले, मग थांबले. चिटणीस अर्धे उठले होते, हात जोडायला सुरुवातही झाली होती. काकांनी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "तू बस." ते बसले.

काकांनी झब्ब्याची बाही सारखी केली. मला वाटलं उठून जातील, आणि पुढच्या वर्षी मांडव घरच्या चादरींचा. मग ते म्हणाले, "कडुलिंब."

"कुठे?" नात.

"गेटापाशी जागा आहे."

"हजार?"

"दोन मावतील." ते थांबले. "हजाराला जागा नाही माझ्याकडे."

"आणि पाणी?"

आता ते जे बोलले ते त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, कारखान्यातल्या कोणाला कामाचं सांगावं तसं. "पाण्याचं अवघड आहे. आमच्या बोअरचं पाणी झाडाला चालत नाही. मागे दोनदा लावली होती, गेली. आम्ही प्यायलासुद्धा कॅन मागवतो."

मागच्या रांगांमधून कोणीतरी "हो ना" म्हणालं. एका बाईचा आवाज होता. हॉलमधल्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत होती, आणि तरी ती आत्ताच कोणीतरी सांगितल्यासारखी सगळे बसले होते.

हे नाटकात नव्हतं. नातीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिने विचार केला. मी विंगेत मनात म्हणत होते, पोरी, आता बोलू नकोस, पडदा पाडू या.

"मग पाणी आम्ही आणू," ती म्हणाली. "शपथ मंजूर."

पडदा पडला. टाळ्या खूप झाल्या. मी मात्र स्टुलावरच होते. 'आम्ही' म्हणजे कोण, हे त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं होतं.

जगतपुऱ्याचे ड्रुइड दिवाळीपर्यंत टिकले. मग क्लास, परीक्षा, आणि अंतर. आता आम्ही दोघी उरलो आहोत. दर रविवारी घरून पिण्याच्या पाण्याचे कॅन भरायचे, ई-रिक्षात चढवायचे. रिक्षावाला दर वेळी विचारतो, "माताजी, उधर पानी बेचते हो क्या?" सून म्हणते, आई, उन्हात नका जाऊ. हे काय म्हणतात ते वर आलंच आहे.

एक कडुलिंब नातीच्या कोपरापर्यंत आला. दुसरा रुसल्यासारखा तिथेच आहे, दर महिन्याला एक पान काढतो आणि दमतो. काका पहिले काही रविवार आतल्या खिडकीतून बघायचे. मग बाहेर यायला लागले. मग एकदा म्हणाले, "पाणी साफ करायचं यंत्र बसवायचा विचार आहे."

नातीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. काकांनी घसा साफ केला. "मागच्या शेडमध्ये. ओळीतले आणखी दोघं तयार झाले की. एकट्याला परवडणारं नाही." पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं की एक जण तयार झालाय, दुसरा टाळतोय. आम्ही विचारलं नव्हतं. त्यानंतर ते दर रविवारी दुसऱ्याची ताजी खबर देतात, आणि ती दर वेळी तीच असते.

काल गेलो होतो. माझा गुडघा सकाळपासून बोलत होता, मी रिक्षातून उतरेपर्यंत काका आले आणि माझ्या हातातला कॅन त्यांनी घेतला. पांढऱ्या झब्ब्यात, इस्त्री तशीच कडक. रुसलेल्या कडुलिंबापाशी जाऊन त्यांनी कॅन सरळ उलटा केला.

"काका, हळू," नात म्हणाली. "वाहून जातं सगळं."

ते खाली उकिडवे बसले. हळू ओतायला लागले. मी चौकीदाराच्या खुर्चीत जाऊन बसले, ती एका बाजूला कलते. समोर नाला होता, काल हिरवा.

"निदान झाडाला मॅच होतोय," नात म्हणाली.

काका हसले. मी नाही हसले. घरी आणखी तीन कॅन भरून ठेवायचे होते, आणि झाडापाशी चामडं नको म्हणून येताना काढलेल्या चपला कुठे ठेवल्या ते आम्हा दोघींना आठवत नव्हतं.